पौर्णिमाच्या शिंका

नाशिकरोड,
४ नोव्हेंबर १९८१

ती. ताईस,
जय भीम.

जे घडलं ते क्रमाने लिहिते. काही चुकीचं असेल तर कळव.

१. तुझी पौर्णिमा गेल्या वर्षापासून इथे आपल्या आईकडे राहून इथल्या शाळेत शिकते. दोन्ही वर्षी जूनमध्ये ती ठणठणीत होती. दोन्ही वर्षी श्रावणात तिला शिंका सुरू झाल्या. मग लाल डोळे, खोकला, रात्रभर तोंडाने श्वास.

२. सप्टेंबरात तिच्या छातीचा फोटो काढला. तो स्वच्छ आहे. घशातला आणि नाकातला स्राव मी आमच्या लॅबमध्ये तपासला. क्षयाचे जंतू नाहीत.

३. विहारातला तीन महिन्यांचा वर्षावास ऑक्टोबरात संपल्यावर तू आलीस. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिलीस आणि आईसमोर, विहारातल्या लंकाबाईंसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "ही दिवसभर लोकांच्या थुंक्या चिवडते आणि त्याच हातानं माझ्या पोरीला घास भरवते. क्षय हिनंच घरात आणलाय." मी फोटोचं सांगितलं. तू म्हणालीस, "तपासणार तू, निकाल देणार तू. वा!"

४. त्याच दुपारी तू तिला येवल्याला घेऊन गेलीस. दप्तर इथेच राहिलं आहे.

५. वाळूमामा सांगतात की येवल्यात ती आठवडाभरात बरी झाली. ते त्या मार्गावर कंडक्टर असल्यामुळे त्यांची खबर मी खरी धरते.

पाचव्या मुद्द्यावरून तू जो निष्कर्ष काढलास, त्यातला अर्धा मला मान्य आहे. तिला त्रास देणारी गोष्ट नाशिकमध्ये आहे, बहुधा आपल्याच घरात किंवा घराजवळ. ती गोष्ट म्हणजे मी, हा उरलेला अर्धा अजून सिद्ध झालेला नाही.

मी शालिमारजवळच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. थुंकीचे नमुने तपासणं हा माझ्या कामाचा एक भाग आहे. अ‍ॅप्रन लॅबमध्येच राहतो. हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मी डबासुद्धा उघडत नाही. हे तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू ते विसरून बोललीस.

तुला तीन गोष्टी विचारते. तिकडे पहिल्या आठवड्यात तिला संध्याकाळी ताप आला का? नाकातून यायचं ते पाण्यासारखं होतं की घट्ट पिवळं? आणि ती तळहाताने नाक खालून वर घासायची का? तिसरा प्रश्न तुला विचित्र वाटेल. मुद्दाम विचारला आहे.

विशाखा

&nbsp;

नाशिकरोड,
८ नोव्हेंबर १९८१

ताई,
जय भीम.

उत्तर आलं नाही. थांबणं शक्य नाही म्हणून लिहिते.

पौर्णिमाच्या नाकातल्या स्रावाच्या सप्टेंबरात दोन काचपट्ट्या केल्या होत्या. एक क्षयासाठी रंगवली. दुसरी जादा म्हणून अल्कोहोलमध्ये पक्की करून ठेवली आणि विसरले. काल ती सापडली. रक्तासाठी जो रंग वापरतो त्याने रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

ताई, सगळं क्षेत्र नारिंगी दाण्यांनी भरलं होतं! हे दाणे एका विशिष्ट पांढऱ्या पेशीत असतात. साध्या सर्दीत त्या एवढ्या दिसत नाहीत, आणि क्षय असला तर नाकात अशी गर्दी होत नाही. शरीराला एखादी गोष्ट सोसत नाही, तेव्हा त्या धावत येतात. मी खुर्चीवरून उठले, हात धुतले, पुन्हा बसले, पुन्हा पाहिलं. तेच.

पट्टी घेऊन बालरोगतज्ज्ञ डॉ. वैशंपायन बाईंकडे गेले. तू नाव ऐकलं असशील. माझ्या तोंडून पौर्णिमाची लक्षणं ऐकताना त्या मधेच म्हणाल्या, "आणि नाकावर आडवी रेघ उमटली आहे का? मुलं सारखं नाक वर घासतात, त्याने पडते."

मी म्हटलं, "आहे. आई म्हणते, ती जन्मखूण आहे."

"जन्मखूण दुसरीत नाही उगवत. टाळूला खाज येते?"

"जिभेने टाळू खरवडून टक टक आवाज काढते. आम्ही तिला ओरडतो. वाटायचं, खोडी काढते."

बाई हसल्या. "बिचारी खाजवत होती. आत बोट जात नाही ना."

याला परागज्वर म्हणतात. नाव फसवं आहे, कारण त्यात ताप नसतो. फुलांमधली धूळ, म्हणजे परागकण, हवेतून नाकाडोळ्यांत जातात आणि ज्यांना ते सोसत नाहीत त्यांचं शरीर जंतू आल्यासारखं भांडायला उठतं. एका मुलाचं दुसऱ्याला लागत नाही. कुणाच्या हाताने, कुणाच्या घासाने होत नाही. बाईंनी हे वाक्य दोनदा म्हटलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. बहुतेक चेहऱ्यावर दिसलं असावं.

अजून एक. वर्गात तिला पेंग यायची आणि तू म्हणालीस, पोरीत जीव राहिला नाही. ती शिंकांच्या गोळीची पेंग होती. आई सकाळी शाळेत जाताना गोळी द्यायची. ती रात्री द्यायची असते.

आता प्रश्न एवढाच उरला: कुठले पराग?

मी काचपट्ट्यांना व्हॅसलिनचा पातळ थर लावते आणि त्या ठिकठिकाणी ठेवते. हवेत जे असेल ते चिकटतं. मग रंगवून पाहते. पहिली पट्टी माझ्या साडीच्या पदराला दिवसभर टाचली. संशय तिथून सुरू झाला होता, म्हणून तपासही तिथूनच. पदरावर कापसाचे धागे आणि शालिमारची धूळ. बाकी काही नाही.

दुसरी गच्चीवर. तिसरी घरात, बाहेरच्या खोलीत, तथागतांच्या फोटोखालच्या फळीवर. ती जागा स्थिर असते म्हणून. निकाल उद्या संध्याकाळी पाहीन. वाट पाहवत नाही, हे कबूल करते.

(पिंपळगावच्या मंडळींनी नकार कळवला आहे. "मुलगी क्षयाच्या दवाखान्यात असते असं ऐकलं," म्हणाले. त्याचा या विषयाशी संबंध नाही. आई तुला सांगेल म्हणून आधीच लिहिलं.)

विशाखा

&nbsp;

नाशिकरोड,
१२ नोव्हेंबर १९८१

ताई,

सापडलं.

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

गच्चीवरच्या पट्टीवर गवताचे पराग होते, तुरळक. घरातल्या पट्टीवर त्याच्या कितीतरी पट! बारीक, गोल, अंगभर काटे असलेले, सगळे एकाच जातीचे. मला वाटलं पट्ट्यांची अदलाबदल झाली. दार-खिडक्या बंद असलेल्या खोलीत बाहेरपेक्षा जास्त पराग असतील कसे? पुन्हा दोन पट्ट्या ठेवल्या, काचेवर हिऱ्याने खूण कोरून. पुन्हा तेच. म्हणजे ते बाहेरून आत येत नव्हते. ते आतच होते.

मी त्या फळीसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती. आणि पितळी ताटलीत पांढऱ्या बारीक फुलांची रास.

"आई, ही कुठली फुलं?"

आई भाकरी थापत होती. "कुठली म्हंजे? पुनी आणायची तीच. पोर नाही तर निदान तिची फुलं तरी असू देत. मीच आणते आता सकाळी."

"कुठून?"

"मागच्या मोकळ्या प्लॉटवरून. काय गच्च आलीत! चांदणं सांडल्यावाणी."

ताई, मागच्या प्लॉटवर काय उगवतं ते तुलाही माहीत आहे. गाजर गवत. आपण त्याला काँग्रेस म्हणतो, गाई तोंड लावत नाहीत. त्याची पानं ओळखीची आहेत म्हणून आपण त्याला गवत म्हणतो. नुसतं फूल खुडून ताटलीत ठेवलं की ते कुणालाच ओळखू येत नाही. मी एक फूल काचेवर झटकलं आणि लॅबमध्ये जाऊन पाहिलं. बारीक, गोल, काटेरी. तेच. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने विचारलं, "मॅडम, काय झालं? हसताय?" मी हसत नव्हते. निदान मला तरी तसं वाटत नव्हतं.

आता तारखा जुळव. वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन, आणि रोज पांढरी फुलं लागतात. तगर कॉलनीत कुणाकडे नाही, मोगरा संपलेला असतो. गेल्या वर्षी लंकाबाईंनी फुलांचं काम कॉलनीतल्या मुलांना दिलं. सगळ्यांत जास्त फुलं कोण आणायचं? तुझी मुलगी. फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायची, मांडीवर घेऊन निवडायची, देठ खुडायची, मग ताट घेऊन पहिल्या रांगेत बसायची. लंकाबाई सगळ्यांसमोर म्हणायच्या, "पौर्णिमासारखी श्रद्धा पाहिजे." मग पोर दुसऱ्या दिवशी दुप्पट फुलं आणायची.

आणि वर्षावास संपला त्याच आठवड्यात तू तिला घेऊन गेलीस. तुझ्या घराने ती बरी झाली नाही, आणि माझ्यापासून लांब गेल्यानेही नाही. फुलं सुटली म्हणून बरी झाली.

मी हे लंकाबाईंना सांगायला गेले. त्या विहाराच्या पायरीवर बसल्या होत्या, चार बायका सोबत.

"फुलानं आजार होतो?" त्या म्हणाल्या. "आणि तेही तथागताच्या? अगं विशाखा, मी चांदवडच्या मातीत वाढलेली बाई. फूल पांढरं हाय ना, मग झालं. आता फुलाला पण जात विचारायची का?"

बायका खदखदून हसल्या.

"लंकाबाई, तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला ते काय आलंय?"

"खाज हाय. साबण बदलला तवापासून."

"साबण कधी बदललात?"

"आखाडात."

"आणि विहारातली फुलांची टोपली कोपरावर कधीपासून अडकवता?"

बायकांतली भागुबाई हळूच म्हणाली, "मागल्या साली बी ह्यांना खाज व्हती. तवा साबण जुनाच व्हता की."

लंकाबाईंनी कोपर पदराखाली घेतलं. मला रागाने म्हणाल्या, "तू लय शिकलीस." आणि मग, "चूक माझीच म्हणायची का मग?"

मी म्हटलं, "चूक कुणाचीच नाही. फूल सुंदर दिसतं."

आईला सांगणं जास्त अवघड गेलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच, की तिने ताटली स्वतः उचलली, रिकामी केली, धुतली आणि त्यात पाणी भरून फोटोसमोर ठेवली. म्हणाली, "पाणी पण पांढरंच."

शाळा उघडली आहे. बाईंनी हजेरीत पौर्णिमाचं नाव घेतलं आणि वर्ग म्हणाला, "येवल्याला." ती कधी येणार, कळव.

विशाखा

&nbsp;

नाशिकरोड,
२० नोव्हेंबर १९८१

ताई,
जय भीम.

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. वाळूमामा तुझ्या हातात देतील.

काल ते ड्यूटीवरून आले ते थेट आपल्या ओट्यावर. चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, "पोरीचं पुन्हा सुरू झालं."

बालदिनाला पौर्णिमा हल्ली जाते त्या तुमच्या शाळेत पाहुणे होते, ते मामांच्याच गाडीने आले, असं त्यांनी सांगितलं. गाडी थांबवून ते दारापाशी गेले. मुली रांगेत गुच्छ घेऊन उभ्या. पौर्णिमा पहिली. "आणि शिंका कसल्या! थंडीतलं एसटीचं इंजिन. पाहुण्याच्या हातात गुच्छ द्यायचा तर ही पोर शिंकून शिंकून वाकलेली. पाहुणा बिचारा गुच्छामागं पळतोय."

मी विचारलं, "गुच्छात काय होतं?"

"झेंडू. लाल लाल काहीतरी. आणि मधी मधी पांढरं बारीक."

"पांढरं कुठून आणलं?"

"मी काय माळी हाय का? पण पोरगीच सांगत होती ऐटीत, 'मामा, पांढरी फुलं मी आणली, शाळेमागून. इथल्या मुलींना माहीतच नव्हती.'"

ताई, मी उठून उभी राहिले. आई घाबरली, तिला वाटलं, मला काही झालं. मला आनंद झाला होता. ती आजारी पडली याचा आनंद झाला असं तू म्हणशील, तर म्हण. पण विचार कर. तिथे मी नव्हते. माझा हात नव्हता, माझा पदर नव्हता, माझी लॅब ऐंशी किलोमीटर लांब होती. तिथे आपलं घर नव्हतं. महिनाभर ती बरी होती. तिने तीच फुलं खुडली आणि त्याच दिवशी तोच त्रास सुरू झाला. हा प्रयोग मी करूच शकले नसते. पौर्णिमाने स्वतः केला, आणि तुझ्या डोळ्यांसमोर केला.

मग वाळूमामांनी तुझा निरोप सांगितला. शब्द तुझेच असतील, कारण मामांना असं बोलता येत नाही: "विशाखाला सांगा, तिच्या कृपेनं तीस तारखेपासून माझ्या पोरीला क्षयाची इंजेक्शनं."

म्हणून हे पत्र.

तुझ्या डॉक्टरांनी बहुधा खोकला ऐकला, वजन पाहिलं, घरात क्षयाच्या लॅबमधली मावशी आहे असं तुझ्याकडून ऐकलं, आणि त्यावरून ठरवलं. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणीही कदाचित हेच ठरवलं असतं. त्यांना फुलांचं माहीत नाही. तुलाही कदाचित नसेल; माझी पत्रं तू फोडलीस की नाही हे मला माहीत नाही. ती इंजेक्शनं महिनोन्‌महिने द्यावी लागतात, आणि त्यातल्या एकाने काही मुलांचे कान जातात. खरोखर क्षय असेल तर तो धोका पत्करावा. फुलांपायी पत्करू नये.

इथलं सांगते. गेल्या रविवारी आम्ही मागचा प्लॉट साफ केला. लंकाबाईंनीच सगळ्यांना गोळा केलं. मी आधी सांगितलं होतं: उघड्या हाताने उपटायचं नाही, नाकातोंडावर ओलं फडकं बांधायचं, मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही, आणि उपटलेलं जाळायचं नाही, खड्ड्यात गाडायचं. हातमोजे नव्हते म्हणून प्रत्येकीने हाताला दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या. बारा बायका, तोंडाला फडकी, हातात पिशव्या. रस्त्यावरून जाणारा एकजण म्हणाला, "दरोडा टाकताय का काय?" लंकाबाई फडक्याआडून ओरडल्या, "हो! काँग्रेस लुटतोय! येतोस का?" आई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. तू गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

उरलेला प्लॉट या रविवारी. पावसाळ्यात पुन्हा उगवेल. तेव्हा फूल धरायच्या आधीच काढायचं असं ठरलं आहे. विहाराच्या कुंपणाला तगर आणि पांढरी कण्हेर लावली. फुलं नसतील त्या दिवशी पाणी आणि दिवा. लंकाबाईंनी हे सभेत सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे आपल्या विशाखानं शोधलं."

हा त्रास मुळापासून जातोच असं नाही, हे वैशंपायन बाईंनी स्पष्ट सांगितलं. सांभाळता मात्र येतो. त्या मोसमात सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. बाहेरून आल्यावर तोंड, डोळे, केस धुवायचे, मग जेवण. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. केर काढायच्या ऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. गोळी रात्री, तीही बाई सांगतील तेव्हाच. आणि पौर्णिमाला सगळं नीट समजावून सांगायचं, कारण ती आठ वर्षांची आहे आणि तिला वाटतं की तिने तथागतांना कमी फुलं वाहिली म्हणून ती आजारी पडते. हे तिने आईला सांगितलं होतं. मला नाही. मला ती असं काही सांगत नाही. मला फक्त गणितं विचारते. मला तेवढं पुरतं.

आता माझी विनंती.

इंजेक्शनं सुरू करायच्या आधी एकदा तिला वैशंपायन बाईंना दाखव. माझ्या पट्ट्या मी त्यांच्याकडे देऊन ठेवल्या आहेत; त्या स्वतः पाहतील. पट्टीवर विश्वास नसेल तर नवी त्यांच्यासमोर, त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या लॅबमध्ये करून घे. मी त्या इमारतीत पायही ठेवणार नाही. तपासणारी मी नको, निकाल देणारी मी नको. बाईंनी क्षय म्हटलं तर इंजेक्शनं दे. मी एक शब्द बोलणार नाही.

बाईंनी क्षय नाही म्हटलं, तर तिला इथे शाळेत परत येऊ दे. माझ्यासोबत एका घरात ती राहावी हे तुला त्यानंतरही नको असेल, तर मी राहत नाही. शरणपूर रोडला नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आहे. मी जाऊन जागा पाहून आले. खोली बरी आहे, खिडकी पूर्वेला आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगायची वेळ येऊ नये असं मला वाटतं, आणि एवढं वाटणं मी लिहू शकते.

बाईंनी शनिवारी, २८ तारखेला सकाळची वेळ राखून ठेवली आहे. तुमची पहिली गाडी धरलीस तर वेळेत पोचाल. येताना पौर्णिमाला खिडकीजवळ बसवू नकोस.

गुरुवार, २६ नोव्हेंबरपर्यंत उत्तर पाठव. वाळूमामांजवळ तोंडी सांगितलंस तरी चालेल. येतेस की नाही, एवढं कळव.

विशाखा